नात्याच्या रकान्यात काय लिहू? (युद्धाच्या दिवसांत जुळलेली माणसं)

बडकस_चौक

नमस्कार मंडळी. गेल्या रविवारी आमची फोनआत्या गेली. वय ७६. काल निधनवार्ता द्यायला वर्तमानपत्राच्या कार्यालयात गेले, तर काउंटरवरच्या मुलाने छापील नमुना पुढे सरकवला. त्यात एक रकाना होता, 'मृत व्यक्तीशी नाते'. माझं पेन तिथेच अडकलं.

फोनआत्या आमच्या रक्ताची कोणी नव्हती. १९७१ च्या नोव्हेंबरात ती नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या वाड्यात एका खोलीची भाडेकरू म्हणून आली. मूळची छिंदवाड्याकडची, वय २२, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर, म्हणजे बाहेरगावचे फोन जोडून देणारी. वाड्यात आम्ही धरून सहा बिऱ्हाडं होती: एक शाळामास्तर, रेल्वेच्या मेल सर्व्हिसमध्ये (आरएमएस) रात्री टपालाची गावनिहाय वाटणी करणारे एक काका, जरीपटक्याहून येऊन इतवारीत कापडाचं दुकान चालवणारं सिंधी जोडपं, एक नर्सबाई आणि ही. आईचं लग्न होऊन सातच महिने झाले होते. बाबा हवाई दलात ग्राउंड स्टाफवर, पठाणकोटला. घरात फक्त आजी आणि आई.

३ डिसेंबर, शुक्रवार. संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी आपल्या तळांवर हल्ले केले आणि त्यात पठाणकोट होतं. मध्यरात्रीनंतर इंदिराबाई रेडिओवर बोलल्या. वाड्यात रेडिओ एकच, मास्तरांचा. सगळा वाडा त्यांच्या दारात बसला होता आणि आईने आजीचा हात धरला होता, तो सकाळपर्यंत सोडला नाही म्हणे.

फोनआत्याची ड्यूटी रात्री अकराला संपायची. सीताबर्डीकडून लोहापुलाखालून, कॉटन मार्केट, गांधीसागर, टिळक पुतळा असं करत ती पायी यायची. हवाई हल्ल्याच्या भीतीने दिवे मालवलेले, रस्त्यावर चिटपाखरू नाही. दुसऱ्याच दिवशी आजीने वाड्याच्या चौकात सांगून टाकलं, की ही पोरगी एकटी येणार नाही. तेव्हापासून रोज कोणीतरी टॉर्चच्या काचेवर निळा पतंगाचा कागद दोऱ्याने बांधून गांधीसागरपर्यंत जायचं. कधी मास्तर, कधी सिंधी काका, दोनदा माझी आईसुद्धा.

आता मुद्द्याची गोष्ट. ट्रंकलाइनवर बसणाऱ्या मुलीच्या कानावर काय काय पडत असेल! आईने तिला विचारलं, "पठाणकोटचं काही कळलं का गं?" ती काहीच बोलली नाही. आईने पुन्हा विचारलं. तेव्हा ती म्हणाली, "वहिनी, मला ठाऊक असतं तरी सांगितलं नसतं." आई दोन दिवस तिच्याशी बोलली नाही. तिसऱ्या रात्री आईला झोप येईना म्हणून ती ओट्यावर येऊन बसली, तर ही आधीच तिथे. दोघी पहाटेपर्यंत बसल्या, एक शब्द न बोलता. बाबांचं पत्र आलं ते १४ तारखेला.

आई आजही सांगते, "ज्या बाईने मला खोटा धीर दिला नाही, तिच्यावर मी आयुष्यभर विश्वास टाकला."

ती वाड्यातून कधी गेलीच नाही. लग्न केलं नाही. पुढे वाडा पाडून फ्लॅट झाले, तेव्हा तिने आमच्या शेजारचाच घेतला. मी रकान्यात 'मानलेली बहीण' लिहायला निघाले, तर आई फोनवर चिडली. म्हणाली, "मानायला वेळ कुठे होता तेव्हा? बहीण लिही."

इकडे छिंदवाड्याहून तिचे सख्खे भाचे आलेत. त्यांना वाटतं वार्तेत आधी त्यांची नावं हवीत, आणि तेही चुकीचे नाहीत.

तुमच्या घरांत अशी युद्धाच्या काळात मिळालेली माणसं आहेत का? त्यांना कागदावर काय म्हटलंत?

---

तर्री_पोहे

वाचून डोळे भरून आले ताई. आईचं ऐका, 'बहीण' लिहा. बाकी सब ठीक होऊन जाईल.

---

सदर_बाजार

श्रद्धांजली. एक बाळबोध शंका: आईची बहीण म्हणजे मावशी. मग आत्या कशी?

---

बडकस_चौक

@सदर_बाजार, हा आमच्या घरातला ५० वर्षांचा वाद आहे. बाबा पहिल्यांदा सुट्टीवर आले तेव्हा तिने त्यांना ओवाळलं आणि पुढची प्रत्येक भाऊबीज केली. म्हणून आम्हा मुलांची आत्या. आईचं म्हणणं, "आधी ती माझी होती, तुझा बाप नंतर आला."

---

सदर_बाजार

म्हणजे आई तिची भावजयही आणि बहीणही. रकाना पुरणार नाही ताई.

---

निवृत्त_कामठी

मी त्या वेळी पूर्व आघाडीवर होतो. आमचा पत्ता होता ९९ एपीओ, म्हणजे लष्कराचं टपाल कार्यालय. गाव नाही, रस्ता नाही, फक्त आकडा. तुमच्या वाड्यातले ते आरएमएसचे काका ही पत्रं हाताळत असणार. नागपूरला तेव्हा रात्रीच्या विमानटपालाचं मोठं काम होतं. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रासची विमानं मध्यरात्री सोनेगावला उतरायची, थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत परत. १९४९ मध्ये सुरू झालेली ती सेवा. आम्ही तिकडे बसून हिशेब करायचो की पत्र आज नागपुरात झोपलं असेल.

१६ डिसेंबरला ढाक्यात रेसकोर्सवर शरणागती झाली. ९३,००० युद्धकैदी. लोकांना तो आकडा पाठ आहे. पण आम्ही परतलो तेव्हा माझी बायको, माझी म्हातारी आई आणि शेजारच्या तमिळ सुभेदारांची बायको अशा तिघी एकाच खोलीत राहत होत्या, कारण रॉकेल वाचवायचं होतं. आईला तमिळ येत नव्हतं, त्या बाईंना मराठी येत नव्हतं. आई तिला 'पोरी' म्हणायची आणि ती आईला 'अम्मा'. दोन शब्दांत सगळा संसार. सुभेदार परत आले नाहीत. त्या बाईंना त्यांच्या गावी सोडायला माझी आई गेली होती, मद्रासच्याही पुढे. त्याआधी तिने वर्ध्यापलीकडे पाऊल टाकलेलं नव्हतं.

'बहीण'च लिहा.

---

स्पष्ट_बोलते

थोडं वेगळं बोलते, राग मानू नका.

युद्धात जोडलेली सगळीच नाती टिकली, असं चित्र इथे उभं राहतंय. आमच्या घरात तसं झालं नाही. १९६५ च्या युद्धात, शास्त्रीजींनी सोमवारचं एक जेवण सोडायला सांगितलं होतं त्या दिवसांत, आजोबांनी एका कुटुंबाला आमच्या इतवारीतल्या घरात दोन खोल्या दिल्या. भाडं नावापुरतं. सोमवारी संध्याकाळी दोन्ही घरची चूल बंद, मुलं एकत्र शेंगदाणे खायची. आजी त्या बाईला धाकटी जाऊ म्हणायची. पुढे आजोबा गेले, आम्हाला जागा लागली, तेव्हा तीच माणसं कोर्टात उभी राहिली. इथे जुना मध्यप्रांत-वऱ्हाडचा १९४९ चा भाडे नियंत्रण आदेश होता, तो २००० साली महाराष्ट्राचा नवा कायदा येईपर्यंत चालला. आमचा खटलाही जवळजवळ तेवढाच चालला. आजी शेवटपर्यंत म्हणायची, "त्या सोमवारी शेंगदाणे मी माझ्या हातांनी वाटले होते."

संकट असतं तोवर माणसं जवळ येतात. संकट गेलं की प्रत्येकाचा सातबारा वेगळा. हेही कोणीतरी लिहायला हवं.

---

महाल_ते_मानेवाडा

@स्पष्ट_बोलते, तुमच्या आजीचं दुःख खरं आहे. पण एक विचारते. भाडेकरूंशी भांडण झालं म्हणून १९६५ चे ते सोमवार खोटे होतात का? सख्ख्या भावांचेही खटले चालतात, म्हणून त्यांना आपण 'मानलेले भाऊ' म्हणत नाही.

---

स्पष्ट_बोलते

खोटे होत नाहीत, हे मान्य. म्हणूनच तर जास्त लागतं.

---

सावजी_नाही_शाकाहारी

विषय थोडा हलका करतो. वाड्यातल्या सहा बिऱ्हाडांनी अंधार पडायच्या आत स्वयंपाक कसा उरकला असेल? आमच्याकडे ७१ मध्ये सगळ्या गल्लीने एका मोठ्या पातेल्यात गोळाभात टाकायचा असं ठरलं होतं. एक चूल, एक भांडं. हरभऱ्याच्या डाळीच्या भरड्याचे गोळे भातातच वाफवायचे, वरून लसूण-मिरचीची कडकडीत फोडणी. दिवा न लावता वाढता येतं. हाताला गोळा लागला की कळतं किती वाढले.

---

बडकस_चौक

@सावजी_नाही_शाकाहारी, अहो आमच्याकडेही तेच! आई म्हणते सिंधी काकू गोळ्यांत कांदा घालायच्या, मास्तरीणबाई कांदा खात नसत, म्हणून कांद्याचे गोळे लांबट आणि बिनकांद्याचे गोल वळायचे. अंधारात हाताने ओळखता यावेत म्हणून. आमच्या घरी अजून दोन आकारांचे होतात आणि आता तर घरातले सगळेच कांदा खातात.

---

तर्री_पोहे

गोळाभातासोबत चिंचेचं सार पाहिजे. बाकी काही चालत नाही.

---

अंबाझरी_काठ

चिंचेचं सार? कढी पाहिजे कढी. काऊन उगाच भात खराब करता भाऊ.

---

तर्री_पोहे

घ्या! पोट्ट्याले आईनं कढीवरच वाढवलं वाटते.

---

खारकीव्ह_ते_खामला

मी इथे फक्त वाचत असते, आज पहिल्यांदा लिहिते आहे. बडकस_चौक ताई, तुमची ती ओट्यावरची रात्र वाचली आणि राहवलं नाही.

मी युक्रेनमध्ये खारकीव्हला एमबीबीएसला होते, तिसरं वर्ष. २४ फेब्रुवारी २०२२ ला पहाटे पाचच्या सुमारास खिडकीची काच थरथरली. मला पहिल्यांदा वाटलं वर कोणीतरी कपाट सरकवतंय. मग दुसरा आवाज आला, आणि कॉरिडॉरमध्ये सगळ्या दारांचे आवाज एकदम.

होस्टेलच्या तळघरात आम्ही सात दिवस होतो. माझ्या भिंतीला लागून सहा जण. केरळची एक मुलगी, हरियाणाचे दोघं, एक नायजेरियन सीनियर, मी आणि होस्टेलची वॉर्डन आजी. तिला आम्ही बाबुश्का म्हणायचो. तिचा मुलगा दुसऱ्या शहरात होता, त्याचा फोन लागत नव्हता. तिला घरी जाता आलं असतं, तिचं घर जवळच होतं. ती गेली नाही.

तळघरात गरम पाण्याचा पाइप होता, त्याला पाठ लावून बसलं की थोडी ऊब मिळायची. बाबुश्काने पाळी लावली होती: प्रत्येकाला २० मिनिटं पाइपजवळ. ती हातावरच्या घड्याळात बघून आम्हाला हलवायची. स्वतःची पाळी तिने कधी लावली नाही, हे आमच्या तिसऱ्या दिवशी लक्षात आलं. मग नायजेरियन दादाने तिचे खांदे धरून तिला तिथे बसवलं आणि घड्याळ स्वतःच्या हातात घेतलं. ती रडली. पहिल्यांदाच.

माझ्याकडे आईने दिलेली जवसाची चटणी होती, अर्धी बरणी. पाव आणि जवसाची चटणी. हरियाणाचा मुलगा म्हणाला, ये तो अपनी अलसी है. केरळच्या मुलीला आवडली नाही, तरी तिने खाल्ली. तिने स्वतःची केळ्याची वेफर्स काढली, ती आम्ही मोजून वाटली, माणशी चार.

१ मार्चला शहरात आपला एक विद्यार्थी गोळीबारात गेला, तो खायला आणायला रांगेत उभा होता. ती बातमी तळघरात आल्यावर कोणीच कोणाला धीर दिला नाही. आम्ही फक्त जवळ सरकलो. २ मार्चला दूतावासाची सूचना आली, की मिळेल तसं खारकीव्ह सोडा, पेसोचिन, बाबाये, बेझल्युडोव्का गाठा, वाहन नसेल तर चालत. आम्ही पेसोचिनपर्यंत चाललो. बर्फ होता. बाबुश्का होस्टेलच्या कोपऱ्यापर्यंत आली. मी तिला म्हटलं चल आमच्यासोबत. तिने माझ्या जॅकेटची चेन गळ्यापर्यंत वर ओढली, जशी माझी आजी स्वेटरचं वरचं बटण लावते, आणि मागे वळली.

पुढे पोलंडची सीमा, ऑपरेशन गंगाचं विमान, दिल्ली, नागपूर. विमानतळावर आईने मिठी मारली तेव्हा मी पहिलं वाक्य बोलले ते असं की "बरणी तिथेच राहिली".

आमचा पाच जणांचा ग्रुप अजून आहे. नायजेरियन दादा आता डॉक्टर आहे, माझं शिक्षण जॉर्जियात पूर्ण झालं. बाबुश्काचे मेसेज येतात, कधी रोज, कधी महिनाभर नाही. गेल्या महिन्यात माझं लग्न ठरलं. पत्रिकेत आजी-आजोबांच्या नावांखाली तिचं नाव टाकायचं म्हणते, तर घरचे म्हणतात लोक काय विचारतील. म्हणून तुमचा प्रश्न माझाही आहे.

---

निवृत्त_कामठी

बेटा, टाक नाव. लोकांनी विचारलं तर सांगायला तुझ्याकडे गोष्ट आहे. पुष्कळांच्या पत्रिकेतल्या नावांमागे तेवढीही नसते.

---

महाल_ते_मानेवाडा

ती जॅकेटची चेन... मी दोनदा वाचलं.

---

वर्धा_रोड

एक विचारतो. नागपूर देशाच्या मध्यावर. शून्य मैलाचा दगड आपल्याकडे. १९७१ ला इथे एक बॉम्ब पडला नाही. पठाणकोट, अमृतसर, आग्रा इथल्या लोकांनी सोसलं ते वेगळं, खारकीव्हचं तर फारच वेगळं. मग आपल्या वाड्यातल्या आठवणींना 'युद्धातलं नातं' म्हणणं जरा जास्त होत नाही का?

---

नागरी_संरक्षण

@वर्धा_रोड, प्रश्न रास्त आहे, पण उत्तर नागपुरातच आहे. सिव्हिल लाइन्समध्ये राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय होतं, १९५७ साली आपत्कालीन मदत प्रशिक्षण संस्था म्हणून सुरू झालेलं. देशभरातली माणसं इथे शिकायला यायची. हल्ल्यात इमारत पडली तर आतल्या माणसाला कसं काढायचं, पेटलेली खोली कशी विझवायची, स्ट्रेचर जिन्यावरून कसं उतरवायचं. माझे वडील तिथे होते. सीमेवरच्या जिल्ह्यांतून आलेले प्रशिक्षणार्थी रविवारी आमच्या घरी जेवायला असायचे. बॉम्ब इथे पडला नाही, पण जिथे पडणार होता तिथली माणसं आमच्या पाटावर जेवून गेली.

त्यातले पंजाबातले एक गृहस्थ ७१ नंतर दर डिसेंबरला वडिलांना एक पोस्टकार्ड पाठवायचे. मजकूर एका ओळीचा: "सब ठीक है, आपने जो गाँठ सिखाई थी वह काम आई." स्ट्रेचरला माणूस बांधायची गाठ. कोणाला बांधलं ते त्यांनी कधी लिहिलं नाही आणि वडिलांनी कधी विचारलं नाही. वडील गेल्यावर मी त्या पत्त्यावर कळवलं, तर तिकडून त्यांचा मुलगा आला. रेल्वेने, रात्रभर उभा राहून. त्याला आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो. खांदा त्यानेही दिला.

आणि हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आपल्याकडे, ६२ नंतर उभा राहिलेला अंबाझरीचा आयुध कारखाना आपल्याकडे. तिथे पाळ्या करणाऱ्यांच्या घरी जाऊन विचारा युद्ध लांब होतं का.

---

वर्धा_रोड

पोस्टकार्डाचं वाचलं. माझं म्हणणं मागे घेतो.

---

मोतीबाग_क्वार्टर

आमच्याकडची गोष्ट आणखी जुनी. पणजोबा ब्रह्मदेशात रंगूनला लाकडाच्या वखारीत कारकून होते. २३ डिसेंबर १९४१ ला रंगूनवर जपानी बॉम्ब पडले आणि तिथून पायी निघालेल्या लाखो हिंदी लोकांत तेही होते. तामूवरून डोंगर चढून इम्फाळ आणि पुढे मणिपूर रोड स्टेशन, म्हणजे आजचं दीमापूर. वाटेत पणजी गेली. आजी तेव्हा सहा वर्षांची. तिला पाठीवर घेऊन उरलेली वाट चालला तो एक तेलुगू हमाल, ज्याचं स्वतःचं सगळं कुटुंब मागे संपलं होतं. बोटीच्या धक्क्यावर ओझी वाहणारा माणूस. पणजोबांशी त्याची ओळखही नव्हती.

कलकत्त्याहून बंगाल-नागपूर रेल्वेने सगळे इथे उतरले. पणजोबा म्हणाले, आता तू तुझ्या गावी जा. तो म्हणाला, गावात कोण आहे? तो राहिला. एम्प्रेस मिलमध्ये लागला. आम्ही त्यांना रंगूनआजोबा म्हणतो, मी त्यांना पाहिलेलं नाही, १९६८ मध्ये गेले.

पण त्यांची एक सवय आजीने सांगितलेली. रोज रात्री दाराला कडी लावण्याआधी ते घरातली माणसं मोजायचे. मोठ्याने, तेलुगूत. ओकटी, रेंडू, मूडू... वाटेवर रोज रात्री मुक्कामाला तसंच मोजायचे, सकाळी किती उठले ते पाहायला. घरात लग्न असलं आणि पन्नास पाहुणे झोपले असले तरी ते अंथरुणांमधून फिरून मोजणार. आजी ८० ची झाली तरी कडी लावताना पुटपुटायची. तिला तेलुगू येत नव्हतं, फक्त आकडे यायचे.

त्यांच्या मिलच्या कागदांवर वारस म्हणून आजीचं नाव आहे. नात्याच्या जागी त्यांनी अंगठा उठवण्याआधी कारकुनाला सांगून 'मुलगी' लिहून घेतलं होतं. तो कागद आमच्याकडे आहे.

---

तर्री_पोहे

कढी-साराचं भांडण करत होतो, लाज वाटली. साष्टांग नमस्कार त्या रंगूनआजोबांना.

---

मोतीबाग_क्वार्टर

@तर्री_पोहे, अजिबात लाज नको. रंगूनआजोबा चिंचेच्या साराच्या बाजूचे होते. तेलुगू माणूस, त्याला पुलुसू म्हणायचा.

---

कोर्ट_कचेरी

वकील म्हणून दोन गोष्टी सांगते, म्हणजे बडकस_चौक ताईंच्या मनावरचं ओझं थोडं उतरेल.

निधनवार्तेत 'बहीण' छापल्याने वारसाहक्क मिळत नाही आणि भाच्यांचं नाव दुसऱ्या ओळीत गेल्याने त्यांचा जात नाही. वार्ता म्हणजे दाखला नव्हे. तेव्हा तिथे मनासारखं लिहायला कायद्याची आडकाठी नाही. आत्यांनी मृत्युपत्र केलं नसेल तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे अविवाहित बाईची स्वकष्टाची मिळकत, आईवडील हयात नसतील तर, वडिलांच्या वारसांकडे जाते. म्हणजे बहुधा छिंदवाड्याच्या भाच्यांकडे. बँकेत नॉमिनी तुमच्या आई असल्या तरी नॉमिनीने पैसे वारसांसाठी सांभाळायचे असतात.

इथे वाचणाऱ्या ज्यांच्या घरात अशी जोडलेली माणसं आहेत त्यांना मात्र हात जोडून सांगते, मृत्युपत्र करून ठेवा. स्टॅम्प लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, साध्या कागदावर चालतं. फक्त तुमची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. ५० वर्षांचा जिव्हाळा तेवढ्या एका कागदावाचून उघड्यावर पडलेला मी कोर्टात पाहिलाय, आणि @स्पष्ट_बोलते, तुमच्या आजींच्या शेंगदाण्यांची आठवण मला तिथेच झाली असती.

---

स्पष्ट_बोलते

@कोर्ट_कचेरी, धन्यवाद. आईला आत्ताच हे वाचून दाखवलं. तिने विचारलं, त्या भाडेकरूंच्या धाकटीचं पुढे काय झालं माहीत आहे का. मला माहीत नव्हतं की आई अजून तिची चौकशी करते. शोधते.

---

पीसीओ_वाला

कारगिलच्या वेळी, १९९९ च्या जून-जुलैत, माझा कामठीत एसटीडी बूथ होता. फौजी लाइनीतल्या (जवानांच्या क्वार्टर्समधल्या) वहिन्या रात्री दहानंतर यायच्या, तेव्हा दर कमी असायचा. फोन यायचा त्या बूथच्या नंबरावर, कधी येईल भरवसा नाही. मी शटर अर्धं खाली करून बारा-एकपर्यंत बसायचो. सात-आठ बायका बाकावर, पोरं मांडीवर. एकीचा फोन आला की बाकीच्या बाहेर जाऊन उभ्या राहायच्या, तिला मोकळं बोलता यावं म्हणून. पावसातसुद्धा.

आज बूथ नाही, मोबाइलचं दुकान आहे. राखीला अजून चार लिफाफे येतात. राजस्थान, हिमाचल, सातारा आणि एक चिपळूण. पाठवणाऱ्याच्या पत्त्याखाली नातं लिहिलेलं असतं, 'बूथवाल्या भावाला'.

---

खारकीव्ह_ते_खामला

'बूथवाल्या भावाला'. मग मी पत्रिकेत 'खारकीव्हची आजी' लिहिते. ठरलं.

---

बडकस_चौक

सगळ्यांची उत्तरं आईला वाचून दाखवली, दोन बैठकांत. रंगूनआजोबांपाशी तिने थांबवलं आणि पुन्हा वाचायला लावलं.

काल संध्याकाळी छिंदवाड्याचे भाचे आत्याच्या फ्लॅटमध्ये सामान आवरत होते. धाकटा आमच्याकडे एक टॉर्च घेऊन आला. तीन सेलांची, पितळी, गंजलेली. काचेवर निळा कागद, आता पांढुरका पडलेला, दोरा मात्र जागच्या जागी. त्याने विचारलं, "काकू, ही बंद पडलेली टॉर्च आत्याने कपाटात साडीत गुंडाळून का ठेवली असेल?"

आई बराच वेळ तो दोरा बघत राहिली. म्हणाली, "ही गाठ सासूबाईंची आहे. त्या दोनदा पीळ द्यायच्या." आणि मग तिने त्याला सगळं सांगितलं. गांधीसागर, पाळ्या, तो दोन दिवसांचा अबोला. त्याने हे काहीच ऐकलेलं नव्हतं. त्याला एवढंच माहीत होतं की आत्या नागपुरात भाड्याने राहते आणि दिवाळीत एक दिवस उशिरा घरी येते. तो उशीर भाऊबीजेचा होता हे त्याला काल कळलं.

टॉर्च त्याने आईजवळ ठेवली. वार्तेचा नमुना मागितला आणि स्वतःच्या हाताने भरला. उद्याच्या अंकात येईल: 'त्यांच्या पश्चात बहीण, भाचे, भाच्या असा परिवार आहे.' मी भाच्यांत आहे. त्याने मला विचारूनच अनेकवचन केलं.

तेरावी पुढच्या शनिवारी. आई म्हणते पंगतीत गोळाभात हवाच, दोन्ही आकारांचा. सार आणि कढी दोन्ही करतोय. नागपुरात असाल त्यांनी जेवायला या, हे मनापासून सांगते.

---

तर्री_पोहे

येतो ताई. वाढायलाही उभा राहीन. बडकस चौकातून आत आल्यावर कोणाचं घर विचारायचं?

---

बडकस_चौक

फोनआत्याचं विचारा. कोणीही सांगेल.